घरातल्या काचेच्या पेटीत समुद्र आणणारा माणूस, ज्याच्या यशामुळेच किनारे ओस पडले

घरात खाऱ्या पाण्याची फिशटँक ठेवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, लाल चिकट थर.

रात्री टाकी स्वच्छ दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळाच्या वाळूवर, दगडांवर, प्रवाळांवर शेवाळासारखी लालसर-जांभळट चादर पसरलेली असते. त्यात बारीक बुडबुडे अडकलेले असतात. हाताने ओढली तर सालीसारखी निघते आणि दोन दिवसांत पुन्हा येते. लोक याला शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नाही. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू.

आज यावर औषधं आहेत, फिल्टर आहेत, हजारो व्हिडिओ आहेत. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमधला एक माणूस बरणीतल्या समुद्राच्या पाण्याकडे बघत हेच कोडं सोडवायचा प्रयत्न करत होता. पाणी सडू नये, काच हिरवी होऊ नये आणि आतले जीव मरू नयेत यासाठी काय करायचं?

त्या माणसाचं नाव फिलिप हेन्री गॉस. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो, तो त्यानेच रूढ केला. त्याच्या पुस्तकांनी अख्ख्या इंग्लंडला समुद्राचं वेड लावलं आणि त्याच वेडाने त्याचे आवडते किनारे रिकामे केले.

पूल गावातला मुलगा

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर इथं झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढून देणारे चित्रकार. पैसा जेमतेम. कुटुंब पूल नावाच्या बंदरात स्थायिक झालं आणि गॉसचं बालपण तिथंच गेलं.

त्याला समुद्राची गोडी लावली त्याच्या आत्याने. सुझन बेल तिचं नाव. तिला निसर्गाची आवड होती आणि तिचा मुलगा थॉमस बेल पुढे मोठा प्राणिशास्त्रज्ञ झाला. किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले सी अ‍ॅनिमोन, म्हणजे फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, भांड्यात समुद्राचं पाणी घेऊन जिवंत ठेवता येतील असं तिने भाच्याला सुचवलं होतं. पोराने ते करूनही पाहिलं. पुढे जगभर पसरलेल्या छंदाचं बीज असं एका आत्याच्या बोलण्यात होतं.

पण घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण लवकर सुटलं. पंधराव्या वर्षी तो कारकून झाला आणि सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, जहाजात बसून थेट न्यूफाउंडलंडला पोहोचला. कार्बोनियर गावात माशांच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायची नोकरी. तिथं त्याने आठ वर्षं काढली.

१८३२ हे वर्ष त्याच्यासाठी कलाटणीचं ठरलं. त्या वर्षी त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि तो किड्यांच्या अभ्यासात बुडाला. त्याच वर्षी तो कट्टर धार्मिकही झाला. विज्ञान आणि धर्म या दोन्ही गोष्टी त्याच्या आयुष्यात एकदमच आल्या, आणि शेवटपर्यंत त्याने त्यातली एकही सोडली नाही.

शेती फसली, शाळा नकोशी झाली

१८३५ मध्ये मित्रांबरोबर तो कॅनडात कॉम्प्टन इथं शेती करायला गेला. तीन वर्षांत शेती फसली. मग अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवायची नोकरी मिळाली. तिथं त्याने किड्यांची अप्रतिम रंगीत चित्रं काढली, पण गुलामगिरी जवळून पाहिल्यावर त्याचं मन तिथं रमेना. आठच महिन्यांत त्याने ती जागा सोडली.

१८३९ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा वय एकोणतीस, खिसा रिकामा. पण परतीच्या जहाजावर लिहिलेलं 'द कॅनेडियन नॅचरलिस्ट' हे पुस्तक १८४० मध्ये छापलं गेलं आणि लेखक म्हणून त्याची सुरुवात झाली. १८४४ ते १८४६ या काळात तो जमैकात होता. तिथले पक्षी, प्राणी, कीटक गोळा करून इंग्लंडला पाठवायचे, हे काम. त्यावर लिहिलेल्या पुस्तकांनी त्याचं नाव झालं.

१८४८ मध्ये त्याने एमिली बोज हिच्याशी लग्न केलं. तीही लेखिका होती आणि त्याच्याच छोट्या, कडक धार्मिक पंथातली होती. २१ सप्टेंबर १८४९ ला मुलगा एडमंड जन्मला. त्या दिवशी गॉसने डायरीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि लगेच पुढे जमैकाहून हिरवी पाकोळी आल्याचीही. बाप म्हणून तो कसा होता, हे सांगताना आजही ही नोंद काढली जाते.

बरणीतलं पाणी सडतं का?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

त्या काळी बरणीत मासा ठेवला की रोज पाणी बदलावं लागे, नाहीतर मासा मरायचा. समुद्री जीवांचं तर आणखी अवघड. लंडनमध्ये रोज समुद्राचं पाणी आणणार कुठून?

याआधी अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी एक मार्ग काढला होता. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनी जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ते जगावेत म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची. पाण्यात हवा मिसळण्यासाठी. आजचा एअर पंप जे करतो, ते तेव्हा एक बाई हाताने करत होती.

दुसरा माणूस रॉबर्ट वॉरिंग्टन. हा रसायनशास्त्रज्ञ. त्याने १८४९ मध्ये एका टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. हिशेब सोपा होता. वनस्पती ऑक्सिजन देईल, मासे तो घेतील आणि माशांची घाण वनस्पतीचं खत होईल. पण काही दिवसांत जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवा थर चढला. मग वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी टाकल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि हिरवा थर दोन्ही खाल्ले आणि टाकी स्वच्छ झाली. हा प्रयोग त्याने १८५० मध्ये मांडला.

म्हणजे टाकीतल्या थराचा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे. तो थर नेमका कशाचा, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यात खरं शैवाल असायचं आणि ज्यांना आपण आज सायनोबॅक्टेरिया म्हणतो, तेही असू शकायचे. त्या काळी आणि पुढेही बराच काळ त्यांना निळंहिरवं शैवालच समजलं गेलं. ते जिवाणू आहेत हे विसाव्या शतकात मान्य झालं.

गॉसने काय केलं?

१८५२ च्या सुरुवातीला गॉसची तब्येत बिघडली. हवापालट म्हणून तो कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. आधी सेंट मेरीचर्च, मग इल्फ्राकोम. ओहोटीच्या वेळी तो कमरेपर्यंत पाण्यात उभा राहायचा, छिन्नी-हातोडीने खडकाचे तुकडे फोडायचा आणि त्यावरच्या शैवालासकट, जीवांसकट ते बरणीत आणायचा.

शैवाल उपटून न आणता दगडासकट आणायचं, हेच त्यातलं मर्म होतं. उपटलेलं शैवाल कुजायचं. दगडाला चिकटलेलं जगायचं आणि ऑक्सिजन द्यायचं. आजचे टँकवाले ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात, त्याच्या जवळ जाणारीच ही गोष्ट.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस सुरू झालं. जगातलं हे पहिलं सार्वजनिक अ‍ॅक्वेरियम. त्यातल्या टाक्यांसाठी समुद्री जीव पुरवणाऱ्यांत गॉस होता. वेमथच्या किनाऱ्यावर तो याच कामात गुंतला होता. लोकांनी तोवर मासा पाहिला होता तो ताटात नाहीतर गळाला. तो पाण्यात कसा वावरतो, हे समोरून बघायला लंडनकरांची गर्दी उसळली.

१८५४ मध्ये गॉसचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्यात त्याने स्वतःच काढलेली रंगीत चित्रं होती आणि घरी टाकी कशी लावायची याची पद्धतही.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने त्याच वर्षी घरच्या घरी समुद्राचं पाणी करायची कृतीही दिली. साडेचार लिटरहून थोडं कमी पाणी, त्यात सुमारे १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. समुद्रात अगदी कमी प्रमाणात असणारे घटक त्याने सोडून दिले. आज दुकानात मिळणाऱ्या रीफ सॉल्टच्या पिशवीत याहून बरेच घटक असतात, पण कल्पना तीच.

त्याने आणखी एक काळजी घेतली. पाणी तयार झालं की लगेच जीव सोडायचे नाहीत. आधी शैवाल लागलेले दगड ठेवायचे, पाणी काही दिवस मुरू द्यायचं आणि मगच प्राणी. आज याला टाकी सायकल करणं म्हणतात. नव्या टाकीत सायनोबॅक्टेरिया माजतात त्याचं एक मोठं कारण हेच, की लोकांना धीर नसतो.

काचेवरच्या थराचं काय? गॉसने समुद्री गोगलगायी ठेवल्या आणि त्या थर कशा खरवडतात हे भिंगातून तासन्‌तास पाहिलं. गोगलगाय जिभेने काच चाटत पुढे सरकते आणि मागे कापलेल्या गवतासारखे पट्टे सोडते, हे त्याने बारकाईने नोंदवलं. जोडीला टाकीवर कडक ऊन येऊ द्यायचं नाही आणि मेलेला जीव दिसला की ताबडतोब बाहेर काढायचा.

मग लाल थरावर आज काय करायचं?

गॉसच्या टाकीत दिवे नव्हते, पंप नव्हते. तरी मूळ तत्त्व बदललेलं नाही. सायनोबॅक्टेरिया हे लक्षण आहे. टाकीतला तोल कुठेतरी गेलाय, एवढंच ते सांगतात.

त्यांना लागतं प्रकाश, फॉस्फेटसारखं खत आणि संथ पाणी. फिकट हिरव्याऐवजी ते लाल दिसतात, कारण त्यांच्यात फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य असतं. काही प्रकार पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. त्यामुळे नायट्रेट शून्यावर आणलं म्हणजे ते उपाशी मरतील, असं समजू नका. उलट नायट्रेट संपलं आणि फॉस्फेट उरलं तर इतर शैवाल मागे पडतं आणि यांना रान मोकळं मिळतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी पातळ नळीने थर ओढून बाहेर काढा. नुसता हलवला तर तो पाण्यात पसरून दुसरीकडे बसतो. मग माशांचं खाणं कमी करा आणि गोठवलेलं खाद्य धुऊन टाका. जिथं थर जमतो तिथं पाणी हलतं का बघा, नसेल तर वेव्हमेकरची दिशा बदला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना नळाचं पाणी वापरू नका, आरओ-डीआयचंच वापरा. थोडं थोडं पाणी नियमित बदलत राहा. दिवे किती तास लागतात आणि टाकीवर बाहेरचं ऊन येतं का, तेही तपासा.

एवढं करूनही थर गेला नाही तर तीन दिवस दिवे बंद ठेवून टाकी पूर्ण झाकतात. यात थर मरतो, पण मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो, म्हणून त्या काळात हवा वाढवावी लागते. अँटिबायोटिक हा शेवटचा उपाय. थर जिवाणूंचा आहे म्हणून एरिथ्रोमायसिनसारखं औषध लागू पडतं, पण टाकी साफ ठेवणाऱ्या चांगल्या जिवाणूंनाही त्याचा फटका बसू शकतो. आणि मूळ कारण तसंच राहिलं तर थर परत येतोच.

अंधाराचा हा उपाय नवा नाही. गॉसच्या पुस्तकांच्या लाटेत विल्यम अल्फर्ड लॉइड नावाच्या माणसाने लंडनमध्ये अ‍ॅक्वेरियमच्या सामानाचं दुकान काढलं. पुढे त्याने हॅम्बर्ग आणि क्रिस्टल पॅलेसची मोठी अ‍ॅक्वेरियम उभी केली. क्रिस्टल पॅलेसच्या टाक्यांखाली त्याने एक प्रचंड अंधारा हौद ठेवला. पाणी सतत त्या थंड काळोखातून फिरून वर यायचं आणि हिरवं पडायचं नाही.

वेड लागलं, किनारे ओस पडले

गॉसच्या पुस्तकाची वेळही अचूक होती. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. हातात गॉसचं पुस्तक घेऊन शहरातली मंडळी ओहोटीला खडकांवर उतरू लागली. बरण्या, जाळ्या, छिन्न्या घेऊन. दिवाणखान्यात समुद्र असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

त्यातल्या बहुतेक टाक्या काही दिवसांतच सडल्या. गॉसने धीर धरायला सांगितला होता, तो कुणी धरला नाही. जीव मेले की लोक पुन्हा किनाऱ्यावर जायचे आणि आणखी घेऊन यायचे.

गॉसच्या नावाचा तेव्हा दबदबा होता. १८५६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. शाळा अर्धवट सुटलेल्या कारकुनासाठी ही फार मोठी मजल होती. चार्ल्स डार्विनसुद्धा त्याला पत्र लिहून समुद्री जीवांबद्दल माहिती विचारायचा.

आणि त्याच वर्षी एमिलीला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. शस्त्रक्रियेऐवजी एका डॉक्टरचा नवा मलमाचा उपचार निवडला गेला. तो अतिशय वेदनादायक ठरला आणि उपयोग काहीच झाला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

बेंबीचं पुस्तक

त्याच १८५७ मध्ये गॉसने आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाकांक्षी पुस्तक प्रसिद्ध केलं. 'ओम्फॅलोस', म्हणजे ग्रीक भाषेत बेंबी.

तेव्हा भूगर्भशास्त्र सांगत होतं की पृथ्वी अतिप्राचीन आहे. बायबलवर अक्षरशः विश्वास ठेवणाऱ्या गॉसला दोन्ही खरं ठरवायचं होतं. त्याने युक्तिवाद केला की जीवन हे वर्तुळ आहे. अंड्यातून कोंबडी, कोंबडीतून अंडं. या वर्तुळात देवाने कुठूनही सुरुवात केली तरी आधीच्या काळाच्या खुणा दिसणारच. पहिल्या माणसाला आई नव्हती तरी बेंबी असणार, पहिल्या झाडाच्या खोडात वलयं असणार. तसंच खडकांतले जीवाश्मही जगाबरोबरच निर्माण झाले.

त्याला वाटलं होतं, आता भांडण मिटेल. झालं उलटंच. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकही नाराज झाले. किनाऱ्यावरच्या त्याच्या कामाचं मनापासून कौतुक करणारा लेखक चार्ल्स किंग्सली याने त्याला कळवलं, की देवाने खडकांवर एक भलंमोठं खोटं लिहून ठेवलं असं मानणं आपल्याला शक्य नाही. पुस्तक पडलं. दोनच वर्षांनी डार्विनचा उत्क्रांतीचा ग्रंथ आला आणि जगाची दिशा बदलली.

बायको गेलेली, पुस्तक पडलेलं. गॉस मुलाला घेऊन डेव्हनच्या सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला.

रिकामी डबकी

तिथं तो पुन्हा पाण्यात उतरला. या वेळी सोबत छोटा एडमंड असायचा. या भटकंतीतून १८५८ ते १८६० दरम्यान ब्रिटिश सी अ‍ॅनिमोनवरचा त्याचा मोठा सचित्र ग्रंथ भागाभागाने आला. त्या विषयात तो बराच काळ आधार मानला गेला.

पण किनारा आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. गॉसच्याच पुस्तकांनी पाठवलेली माणसं डबकी उपसून गेली होती. एडमंडने पुढे लेखक म्हणून नाव कमावलं आणि १९०७ मध्ये 'फादर अँड सन' हे आत्मकथन लिहिलं. त्यात त्याने हे दुःख नोंदवलं आहे. लहानपणी पाहिलेली ती गजबजलेली डबकी कुणालाच पुन्हा दिसणार नाहीत, आणि वडिलांना हे उमगलं तेव्हा त्याचा फार त्रास झाला, असं तो सांगतो. आपल्या लिखाणातून असं काही होईल, हे गॉसच्या मनातही नव्हतं.

१८६० मध्ये गॉसने एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरं लग्न केलं. उत्तरायुष्यात त्याने ऑर्किड वाढवली, आकाशातले तारे पाहिले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळून पाण्यातल्या रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवांवरच्या मोठ्या ग्रंथात भागीदारी केली. तो १८८६ मध्ये आला तेव्हा गॉस शहात्तर वर्षांचा होता. थंडीच्या रात्री दुर्बिणीतून आकाश बघताना त्याला छातीचा आजार जडला, असं सांगितलं जातं. २३ ऑगस्ट १८८८ ला तो सेंट मेरीचर्चलाच वारला.

आज त्याचं काय उरलंय?

सगळ्यात आधी शब्द. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला अ‍ॅक्वेरियम उघडलं, त्या पाटीवरचा शब्दही गॉसनेच लोकांच्या तोंडी बसवलेला.

दुसरं म्हणजे तोलाची शिकवण. लाल थर आला की बाटली शोधण्याआधी पाणी, प्रकाश, खाणं आणि प्रवाह तपासायचे.

आणि तिसरी गोष्ट, जी गॉसला फार उशिरा कळली. टाकी सडते तेव्हा नुकसान टाकीपुरतं राहत नाही. त्यातला मेलेला प्रत्येक जीव कुठल्या तरी खऱ्या समुद्रातून आलेला असतो. भारतात तर दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून ते उचलून घरी आणणं हा थेट गुन्हा आहे.

टाकीतला थर महिनाभर नीट लक्ष दिलं तर जातो. डेव्हनच्या किनाऱ्यावरची ती डबकी मात्र गॉसला त्याच्या हयातीत पुन्हा भरलेली दिसली नाहीत.